पोटातले राखणदार

२५ सप्टेंबर

भार्गवी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो. पत्र संपेपर्यंत तो द्यायची इच्छा राहील, याची खात्री नाही.

दोन वर्षांनी बापाचं पत्र बघून तुला वाटेल, म्हातारा नरमला. तसं काही नाही. पोट बिघडलं आहे म्हणून लिहितो आहे. फोन करून उपयोग नाही. आईचा समजून तू तो उचलतेस आणि माझा आवाज आला की "आईकडे द्या" म्हणतेस. पत्र कोणाकडे देणार?

पहिली तक्रार ही. काल दुपारी तुझी आई पडवीत बसून तुला फोनवर माझ्या परसाकडचा वृत्तांत देत होती. किती वेळा, घट्ट की पातळ, रंग कुठला. मी आत पडलो होतो, मेलो नव्हतो. सगळी नोकरी मी खारेपाटणच्या एसटी स्टँडावर गाड्या पुकारण्यात घालवली, त्यामुळे जाहीर वर्दीचं मला वावडं नाही. पण कुठली गाडी सुटली आणि कुठली अडकली, हे माझ्या पोटाबद्दल थेट बेंगळुरूला कळवायची गरज नव्हती. मी तिला तसं म्हटलं. तर म्हणते, "तुमी सांगणास नाय, म्हणान मी सांगतंय. आपला चेडू भार्गवी त्याच विषयात शिकलला आसा. तेका नाय इचारूचा तर कोणाक, कंडक्टराक?"

वृत्तांत अर्धवटच पोचला असणार, म्हणून मी सांगतो. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गणपतीवरच्या माटवीसाठी डहाळे तोडताना कोयता पोटरीत बसला. मी हळद दाबली आणि विषय संपवला. पण तो संपला नव्हता. पाय सुजून खांबासारखा झाला, ताप चढला, आणि सगळी चतुर्थी मी कणकवलीत दवाखान्याच्या खाटेवर सलाइनकडे बघत काढली. अँटिबायोटिकची एक जात लागू पडेना म्हणून दुसरी, मग तिसरी. पाय वाचला. पोट मात्र आगीतून फुफाट्यात गेलं. आधी जुलाब, मग सगळं बंद, मग पुन्हा जुलाब. तिथल्या डॉक्टर रसिका नावाच्या तरुण बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. रोग काही निघाला नाही.

तेव्हापासून मी पोटाला विश्रांती दिली आहे. पांढऱ्या तांदळाची मऊ पेज, तीही फडक्यातून गाळलेली. चहा-बिस्किट. साबुदाण्याची खीर. साल नाही, कोंडा नाही, पालेभाजी नाही, आपला लाल उकडा भात तर नाहीच. जड ते सगळं बंद. एवढं सांभाळून महिना झाला आणि पोट तिथल्या तिथे आहे, याला काय म्हणावं?

यावर तू काय म्हणालीस ते तुझ्या आईने मला तिच्या पद्धतीने सांगितलं. "भार्गवी म्हणता, तुमच्या पोटात अगणित जीव आसत. औषधान वायटांबरोबर बरे पण मेले. जे उरले ते उपाशी आसत. तुमची गाळलली पेज वरच्यावर जिरान जाता, खाली मोठ्या आतड्यात तेंका दाणो पोचणा नाय. आपणाक जा पचणा नाय ना, साल, कोंडो, भाजयेचे धागे, ताच तेंचा जेवाण. ता गावला नाय की ते आतड्याच्या आतलो बुळबुळीत थर खातत."

"म्हणजे राखणदार," मी म्हटलं. मला तर दुसरं काही सुचलं नाही. आपल्या वाडीच्या हद्दीवर आहे ना, तसा. दिसत नाही कोणाला. त्याचा मान, रोट आणि नारळ, वेळेवर पोचला की गुराढोरांची, पोराबाळांची राखण करतो. चुकला की बाहेरच्याला सोडून घरच्यांनाच धरतो. तेव्हा तुझं म्हणणं मला समजलं. पण समजलं म्हणजे पटलं, असं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे मला चार पावलं चालायला भीती वाटते.

आता तू म्हणशील, इतकंच होतं तर माझ्या डब्यांची थट्टा का केलीत. मी थट्टा केली नाही. दोन वर्षांपूर्वी तू उकडा भात खाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शौचाचे नमुने न्यायला झाकणाचे डबे घेऊन आलीस, आणि मला न विचारता भर देवळाच्या चौकात परशुरामाच्या हातात पहिला डबा दिलास. माझ्या चुलत भावाच्या! कसला नमुना ते तू दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगणार होतीस. मी संध्याकाळीच फिरलो आणि सांगितलं की शेतातली माती हवी आहे. लोकांनी माती भरून दिली. परशुरामाने तर वर सर्व्हे नंबर लिहिला. मी देवळाचा मानकरी, गावाची अब्रू राखली. आणि तू पडवीत एकेक झाकण उघडून बघितलंस, डबे तसेच पिशवीत भरलेस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. माझं काय चुकलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

असो. मला फक्त उभं राहायचं आहे. मार्गशीर्षातल्या जत्रेला गाऱ्हाणं आपल्या घराने घालायचं असतं, हे तुला माहीत आहे. देवासमोर अनवाणी उभं राहून सगळ्या देवांना नावानिशी हाक मारायची, सगळ्या गावाचं मागणं मागायचं, मध्ये थांबायचं नाही, हलायचं नाही. तास जातो. माझ्या वडलांनी घातलं, त्यांच्या वडलांनी घातलं. आणि माझं पोट मला सध्या अर्धा तासही एका जागी ठेवत नाही. एवढंच विचारतो, तुझ्या त्या जीवांकडे यावर काही उपाय आहे का? नसला तर तसं आईला सांग.

काशिनाथ

५ ऑक्टोबर

भार्गवी,

तू उत्तर पाठवलं नाहीस. आईजवळ म्हणालीस, "त्यांना सांग, उकड्या तांदळाची पेज न गाळता घ्या, आणि रोज एक चमचा कुळीथ." एक चमचा! मी माणूस आहे की चिमणी? मी ऐकलं नाही. दसरा तोंडावर होता आणि त्या दिवशी मला कुठलाही प्रयोग नको होता.

दसऱ्याचं गाऱ्हाणं लहान असतं. मी आदल्या दिवशी फक्त बिस्किटं खाल्ली, दसऱ्याला सकाळपासून पाणीसुद्धा बेताने प्यायलो. पोटात काही नाही तर बाहेर काय येणार, असा माझा हिशेब. देवळात उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली. लोकांनी "होय म्हाराजा" म्हटलं. आवाज चांगला लागला होता, स्टँडावरचा माझा जुना आवाज. रवळनाथ झाला, पावणाई झाली, आणि बारा-पाचाच्या गावदेवांपाशी येतो तोच पोटात कळ आली. मी दात दाबले. दुसरी कळ आली. मग मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. तुझा बाप सोवळ्यात देवळामागच्या बागेत पळाला.

गाऱ्हाणं मोडलं. इतक्या वर्षांत ते मोडलेलं मी ऐकलं नव्हतं. मी परत आलो तेव्हा परशुराम माझ्या जागी उभा राहून राहिलेल्या देवांना हाका मारत होता, आणि वाईट म्हणजे बऱ्या हाका मारत होता.

मग मानकऱ्यांची कुजबुज. जत्रेलाही असंच झालं तर मान परशुरामाच्या घराकडे द्यावा, असं ठरतं आहे. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. माझ्यावरून मान जाणार, आणि तोही असल्या कारणाने. आजारपणाने गेला म्हणता येईल, पण लोक तसं म्हणणार नाहीत. लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे.

घरी आलो तर तुझ्या आईने ताट वाढलं, न गाळलेली लाल पेज आणि कडेला एक चमचा कुळीथ. मी ताट सारलं. ती म्हणाली, "पोटाचो राग पोटार काढा, माझ्यार नको." मी पेज खाल्ली नाही. उपाशी झोपलो. म्हणजे तुझे राखणदारही उपाशी झोपले, बरोबर ना? घे, तुझं म्हणणं खरं होऊ दे.

हे पत्र तुला राग यावा म्हणूनच लिहितो आहे. येऊ दे. मला रोज येतो.

काशिनाथ

२६ ऑक्टोबर

भार्गवी,

तुझ्या सल्ल्याने मी मेलो असतो. बसलोच आहे तर सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या अमावास्येला राखणदाराला मान देऊन परत येत होतो. रोट ठेवला, नारळ ठेवला, एक वर्षाची काळजी मिटली. चालता चालता मनात आलं, तुझ्या पोटातल्या मंडळींचंही असंच असेल. मान द्यायचाच तर चमच्याने काय भीक घालायची? एकदाच रीतसर, भरपूर द्यावा आणि वर्षभर पुन्हा पेजेवर राहावं. हा विचार मला तुझ्याहून शहाणा वाटला.

तुझ्या आईला उकड्या तांदळाचा भात करायला लावला. कुळथाचं सांबारं, चवळीची उसळ, सुरण, देठांसकट तांबडी भाजी, नाचणीची भाकरी, आणि शेवटी कणगीचे भाजलेले कंद सालासकट. ती म्हणाली, "अहो, हळूहळू." मी म्हटलं, "मान हळूहळू देतत काय?" दोनदा वाढून घेतलं. जवळजवळ दोन महिन्यांनी तोंडाला चव आली होती, हे खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी देवळात जत्रेची बैठक. मी जाईपर्यंत पोट फुगून ढोल झालं होतं. बसता येईना, वाकता येईना. मांडवाचं कंत्राट, विजेचं, दुकानांच्या जागा, सगळं चाललं होतं आणि मी घाम पुसत होतो. आणि परशुराम पालखीच्या वाटेबद्दल बोलत असताना, सगळे गप्प असताना, माझं पोट बोललं. एकदा नाही. सगळ्या सभेने ऐकलं असं बोललं.

परशुराम थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काशिनाथा, ही खंयची गाडी सुटली?"

लोक इतके हसले की दोघे बाहेर गेले. जन्मभर मी गाड्या पुकारल्या म्हणून हा विनोद. आता गावात मला कोणी भेटलं की विचारतं, वैभववाडीची गेली काय हो? तुझ्या आईला हसू आवरत नाही. पदर तोंडात घालते, पण खांदे हलताना मला दिसतात.

तेव्हा तुझं शास्त्र तुझ्याजवळ ठेव. रात्रभर पोट दुखलं. तू म्हणालीस कोंडा खा, मी खाल्ला. तू म्हणालीस साल खा, मी खाल्लं. सगळं खाल्लं आणि माझी शोभा झाली. नाकापेक्षा मोती जड झाला, एवढंच तुझं शिक्षण माझ्या कामी आलं. मी पुन्हा गाळलेल्या पेजेवर आलो आहे. आता जत्रेला महिना उरला आहे, अंगात ताकद नाही, आणि परशुराम रोज सकाळी विहिरीवर मोठ्याने गाऱ्हाण्याची उजळणी करतो. मला ऐकू जावं म्हणूनच करतो.

काशिनाथ

१६ नोव्हेंबर

भार्गवी,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून 'र' तसाच लंगडा काढतेस.

पत्रात एकही गोड शब्द नाही, हे मी तुझ्या आईला दाखवून दिलं. तू लिहितेस: "बाबा, हद्दीवरच्या राखणदाराला वर्षातून एकदा चालतं. पोटातल्यांना रोज लागतं, आणि थोडं लागतं. दोन महिने उपाशी ठेवलेल्यांपुढे तुम्ही एकदम जत्रेचं जेवण टाकलंत. ते तुटून पडले, त्याचाच तो वायू. देवापुढे रोज नैवेद्याची वाडी ठेवता ना, जेवायच्या आधी पानाच्या कडेला? तेवढीच. भरपूर पाणी. चार दिवसांनी थोडी वाढवा. हे सगळं डॉक्टरांना विचारून." आणि खाली, जणू पोस्टमनने लिहावं तसं: "परशुरामकाकांच्या डब्यातल्या मातीला चुना लागेल, त्यांना सांगा."

शेवटच्या ओळीवर तुझी आई हसली. मी हसलो नाही. तू ती माती तपासून घेतलीस तर! दोन वर्षं ठेवलीस होय?

डॉक्टर रसिकांकडे गेलो. त्यांनी तुझं पत्र माझ्या हातून घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, काका. तुम्ही ऐकलं नव्हतं." त्या म्हणाल्या, हे जीव कोंडा-साल खाऊन एक आम्ल तयार करतात, लोण्यातुपातही ते थोडं असतं, आणि आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. म्हणजे आपण त्यांना टाकाऊ द्यायचं आणि ते आपल्याला तुपातलं परत देणार. असा व्यवहार मला कोणी आयुष्यात देऊ केला नाही, म्हणून मी संशय धरला होता. त्यात माझं काय चुकलं?

तेव्हापासून रोज वाडी चालू आहे. पहिल्या दिवशी चमचाभर कुळीथ आणि न गाळलेली पेज. मग चवळीचे चार दाणे, मग भाजीचा देठ. आदल्या दिवसाचा गार उकडा भातही त्यांना मानवतो, असं तू आईला सांगितलंस म्हणे. तो मी ताकात कालवून खातो. पहिले काही दिवस पोट गुरगुरलं, पण आवाज घरातल्या घरात राहिला. आता सकाळी एकदाच जातो आणि निवांत येतो. हे लिहायला लाज वाटत नाही, याचंच नवल वाटतं.

पण माझं नशीब बघ. परवा मागच्या दाराने परशुराम आला. इकडे तिकडे बघत चुलीपाशी बसला आणि तुझ्या आईला म्हणाला, "वैनी, माका पण चार-चार दिवस होणा नाय. झिलान, माझ्याच पोरान, पांढरे तांदूळ आणून दिल्यान, म्हणता उकडो भात गरिबाचो. काशिनाथ काय खाता ता माका पण सांग." मी आतून ऐकत होतो. ज्याच्या घरी माझा मान जायचा आहे, त्याला बरं करायचं? मी बाहेर येऊन म्हटलं, "तुझी गाडी पण अडाकली काय रे?" तो म्हणाला, "अडाकली म्हणानच इलंय. तुझ्या चेडवाक इचार." तुझ्या आईने त्याला डबाभर कुळीथ दिला आणि रोज चमचाच, असं बजावलं. माझ्या घरचा कुळीथ, माझ्या वैऱ्याच्या पोटात. आणि तो जाताना म्हणतो, "ता चेडू माती बघता ना? पोटाचा तेका काय कळता?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. माती माझीच.

तू जत्रेला येणार नाहीस, कामं असतील. मी विचारलेलं नाही, हे लक्षात ठेव.

काशिनाथ

८ डिसेंबर

भार्गवी,

जत्रा झाली. तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलं असेल, पण ती मागे बायकांत उभी होती. मी पुढे होतो.

सकाळी पेज घेतली, कडेची वाडी घेतली, पाणी व्यवस्थित प्यायलो. उपाशी राहिलो नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हा परशुराम माझ्या डाव्या हाताला होता. मी मोडलो तर पुढे यायला सोपं जावं म्हणून मानकऱ्यांनीच त्याला तिथे उभं केलं होतं. मला इतका राग आला की पहिल्या हाकेला आवाज जरा चढाच लागला.

एकेक देव झाला. बारा-पाचांपाशी आलो, दसऱ्याला जिथे मोडलं होतं तिथे. पोटाकडे लक्ष गेलं. तिथे काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण गप्प होतं, आपापल्या कामाला लागलेलं. मी पुढे गेलो. गावाचं मागणं झालं, पीकपाणी, गुरंढोरं, रोगराई. मग घरोघरची मागणी. कोणाच्या झिलाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाची जमिनीची केस. प्रत्येकाचं नाव, गाव, काम स्पष्ट सांगायचं, हा गाऱ्हाण्याचा नियम. आडपडद्याने सांगितलं तर देव कुठल्या दारात जाऊन उभा राहणार? लहानपणी माझ्या बापाने मला हे शिकवलं आणि मी ते जन्मभर पाळलं आहे.

शेवटी आपलं घर. इतकी वर्षं मी म्हणतो, "चेडू बेंगळुरूक मोठ्या कामार आसा, तेका यश दी." लोक "होय म्हाराजा" म्हणतात आणि नारळ फुटतो. यावेळी मी "चेडू बेंगळुरूक" म्हटलं आणि थांबलो. मोठ्या कामावर, पण कुठल्या? मला देवापुढे माती म्हणता येईना.

लोकांना वाटलं, झालं, हा पुन्हा पळतो. परशुरामाने एक पाऊल पुढे टाकलेलं मला दिसलं. मग मी म्हटलं, स्टँडावर म्हणायचो त्या आवाजात, शेवटच्या बाकड्यापर्यंत जाईल असं:

"बा देवा म्हाराजा! ह्या काशिनाथाचा चेडू भार्गवी बेंगळुरूक आसा. ता माणसाच्या शौचाचो अभ्यास करता. त्यातसून माणसाच्या पोटातले राखणदार वळखता. दोन वर्सांमागे ता हयसर डबे घेवन इला, तेका गावान माती भरून दिली. ती माती माझ्या सांगण्यावरसून दिली. आज हो काशिनाथ तुझ्या पायाकडे उभो आसा तो त्या चेडवान उभो केलो म्हणान. तेच्या कामाक यश दी, आणि तेका घराची वाट दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा" आलं नाही. मागून एक पोरगं फिसकन हसलं. तुझी आई पदर तोंडावर धरून उभी होती, पण यावेळी ती हसत नव्हती. गाऱ्हाण्याला गावाने साद दिली नाही तर ते देवापर्यंत जात नाही. मी वाट बघत उभा राहिलो. पोट गप्प होतं. सोवळ्याची, मानाची, लोकांची जन्मभर काळजी केली ती सगळी त्या वेळात आठवली.

मग माझ्या डाव्या हाताकडून आवाज आला.

"होय म्हाराजा!"

परशुराम होता. एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारचा मानकरी दचकला. त्याच्यामागून सगळा गाव म्हणाला. मी माझ्या स्टँडाच्या दिवसांत इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. नारळ फुटला आणि गाऱ्हाणं पुरं झालं.

मान आपल्याच घरी राहिला. ते आता मला तितकं मोठं वाटत नाही, हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिने त्यासाठी बरंच सोसलं आहे.

आज सकाळी चहाला बसलो होतो तर परशुराम आला, यावेळी पुढच्या दाराने. बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "काशिनाथा, चेडवाक कळव. माका खरो डबो व्हयो. गेल्यावेळचो पयलो डबो माकाच दिल्ल्यान, तेवा ह्यावेळी पण पयलो मान माझो." त्याच्यामागे अंगणात आणखी दोघंतिघं म्हातारे उभे होते. ते जायचं नाव घेत नव्हते.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की देवळातलं ठीक आहे, पण इथे भाऊबंदकी चालायची नाही. बाकीच्यांनी मागे रांगेत उभं राहावं.

डबे घेऊन ये, बाये. पहिला मान माझा आहे.

तुझा,
बाबा